टूलबार गायब झाल्यावर : वाचकांच्या संगणक-प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत. लिहायला बसावे, वर्ड किंवा लिब्रेऑफिस या विनामूल्य संचातील रायटर उघडावे आणि वरची बटणांची पट्टी जागेवर नसावी, अर्धीच दिसावी, किंवा दिसूनही दाबता येऊ नये. म्हणून या अंकातील सर्व जागा त्याच विषयाला दिली आहे. पत्रांमध्ये आणखी एक वाक्य वारंवार आले आहे, ‘आता सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकावे का?’ त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवतो : सहसा नाही, आणि ते का, हे दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सविस्तर सांगितले आहे. मेनूंची व बटणांची नावे पडद्यावर इंग्रजीत असतात. येथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून आमच्या शाळेचा इतिहास वर्डमध्ये लिहून काढत आहे. परवा लिहिताना कुठेतरी हात लागला आणि वरची सगळी बटणे नाहीशी झाली. ‘होम’, ‘इन्सर्ट’, ‘लेआउट’ ही नावे तेवढी दिसतात. नावावर क्लिक केले की बटणे खाली उतरतात, पण लिहू लागले की पुन्हा जातात. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निदान त्यातच आले. नावे दिसतात आणि क्लिक केल्यावर बटणे उतरतात, याचा अर्थ काहीही बिघडलेले नाही. रिबन मिटली आहे. वर्ड २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुने मेनू आणि टूलबार काढून त्यांच्या जागी ही रुंद पट्टी आणली. ती पडद्याची बरीच जागा घेत असल्यामुळे मिटून ठेवण्याची सोयही सोबत दिली, मात्र ही सोय नको इतकी हाताशी आहे. कोणत्याही टॅबच्या नावावर डबल क्लिक झाले की रिबन मिटते, आणि कंट्रोल व एफ-१ या कळा एकत्र दाबल्या गेल्या तरी मिटते. यांपैकी कोणतीही कृती पुन्हा केली की ती उलगडते. काही लॅपटॉपवर वरच्या ओळीतील कळा आवाज किंवा प्रकाश कमी-जास्त करण्यासाठी राखलेल्या असतात. तेथे कंट्रोलसोबत एफएन ही कळही धरून मग एफ-१ दाबावी लागते. मॅकवर हेच काम ऑप्शन, कमांड आणि आर या तीन कळा करतात.

नावेसुद्धा दिसेनाशी झाली तर प्रकार थोडा वेगळा असतो. वर्ड २०१३ ते २०१९ या आवृत्त्यांत विंडो लहान करण्याच्या बटणाशेजारी ‘रिबन डिस्प्ले ऑप्शन्स’ हे छोटे चिन्ह आहे. त्यात ‘ऑटो-हाइड रिबन’ निवडले गेले की पट्टी संपूर्ण लपते आणि पडद्याच्या अगदी वरच्या कडेला क्लिक केल्यावर तात्पुरती खाली येते. त्याच चिन्हातून ‘शो टॅब्ज अँड कमांड्स’ निवडावे. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या सध्याच्या आवृत्तीत हे चिन्ह तेथून हलवले असून रिबनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील बारीक बाणात ठेवले आहे, आणि पर्यायाचे नावही ‘ऑलवेज शो रिबन’ असे झाले आहे. जुनी पुस्तके किंवा व्हिडिओ पाहून शोधणाऱ्यांची येथेच फसगत होते.

ईमेलने आलेली फाइल उघडली की प्रत्येक वेळी बटणे नसतात, पण आपली स्वतःची फाइल उघडल्यास असतात, असे दिसल्यास दोष रिबनचा नव्हे. अशी फाइल वाचनाच्या दृश्यात उघडलेली असते. एस्केप दाबले की नेहमीचे पान येते. हे कायमचे बंद करायचे असल्यास ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘जनरल’ येथे खालच्या भागात वाचन-दृश्याविषयीची चौकट आहे, तिच्यातील खूण काढावी.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात लिब्रेऑफिस रायटर वापरतो. एका स्वयंसेवकाने काहीतरी बदल केले तेव्हापासून फॉरमॅटिंगची पट्टी नाही, टेबलामध्ये कर्सर नेला तरी टेबलाची पट्टी येत नाही आणि एक पट्टी मजकुरावरच तरंगत राहते. आम्ही लिब्रेऑफिस काढून नव्याने टाकले, तरीही सगळे जसेच्या तसे! हा व्हायरस असेल का? – ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : व्हायरस नाही. नव्याने टाकूनही फरक पडला नाही, ही गोष्ट आपल्याला विचित्र वाटते आहे, परंतु ती अपेक्षितच आहे. सॉफ्टवेअर एका जागी असते आणि आपण केलेल्या आवडीनिवडी दुसऱ्या जागी असतात. विंडोजमध्ये लिब्रेऑफिस ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये बसते. कोणती पट्टी दाखवायची, ती कुठे ठेवायची, कोणते बटण लपवायचे, ही माहिती मात्र वापरकर्त्याच्या खात्यातील ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरमध्ये, ‘रोमिंग’, ‘लिब्रेऑफिस’, ‘४’, ‘युझर’ अशा मार्गाने गेल्यावर सापडणाऱ्या प्रोफाइलमध्ये लिहिली जाते. (तो ‘४’ पाहून जुनी आवृत्ती राहिली आहे असे समजू नये. २०२४ च्या आरंभी लिब्रेऑफिसच्या आवृत्त्यांचे क्रमांक ७.६ वरून थेट २४.२ असे वर्ष-महिन्यावर गेले, तरी फोल्डरचे नाव तेच राहिले.) सॉफ्टवेअर काढताना हे प्रोफाइल मुद्दामच मागे ठेवले जाते, कारण त्यात आपण शब्दकोशात भरलेले शब्द आणि स्वतःचे नमुने असतात. भाडेकरू तोच ठेवून इमारत नवी बांधली, तर खोलीतील पसारा काही आवरला जात नाही. वर्डचीही रचना अशीच आहे : रिबनमध्ये केलेले बदल वापरकर्त्याच्या खात्यात वेगळ्या फाइलीत राहतात, आणि वर्ड काढून टाकले तरी ते सहसा टिकून असतात.

आता आपल्या तिन्ही तक्रारी एकेक करून पाहू. फॉरमॅटिंगची पट्टी ‘व्ह्यू’, ‘टूलबार्स’ या यादीत आहे. तिच्यासमोर खूण नसेल तर करावी. तरंगणारी पट्टी जागेवर बसवण्यासाठी कंट्रोल कळ दाबून धरावी आणि त्या पट्टीच्या मथळ्यावर डबल क्लिक करावे, म्हणजे ती वरच्या ओळीत जाऊन चिकटते. नंतर पट्टीवर उजवे क्लिक करून ‘लॉक टूलबार पोझिशन’ निवडल्यास डाव्या टोकाची ठिपक्यांची मूठ नाहीशी होते आणि पट्टी ओढली जाण्याचा धोका टळतो. वाचनालयासारख्या ठिकाणी, जेथे एकच संगणक अनेकजण हाताळतात, तेथे ही गोष्ट अवश्य करावी.

टेबलाची पट्टी न येण्याचे कारण अधिक सूक्ष्म आहे, आणि त्यावर बऱ्याच जणांचा वेळ जातो. रायटरमधील टेबल, चित्र, क्रमांकन यांच्या पट्ट्या प्रसंगानुरूप आपोआप येतात व जातात. मात्र अशी पट्टी तरंगत असताना कोणी तिच्या कोपऱ्यातील फुली दाबली, तर रायटर त्याचा अर्थ ‘ही पट्टी यापुढे नको’ असा घेतो आणि मग टेबलात कितीही वेळा कर्सर नेला तरी ती दाखवत नाही. ‘व्ह्यू’, ‘टूलबार्स’ या यादीच्या तळाशी ‘रिसेट’ आहे. तो निवडला की सर्व पट्ट्यांचे हे आपोआप येणे-जाणे पूर्ववत होते. आपल्या बाबतीत बहुधा एवढ्यानेच काम होईल.

न झाल्यास ‘हेल्प’ मेनूतून ‘रिस्टार्ट इन सेफ मोड’, म्हणजे आपले बदल तात्पुरते बाजूला ठेवून उघडण्याचा पर्याय, निवडावा. मेनूच दिसत नसेल तर विंडोजच्या स्टार्ट मेनूमध्ये लिब्रेऑफिसची सेफ मोड असलेली वेगळी नोंद असते. समोर येणाऱ्या चौकटीत आधी काहीही न पुसता ‘कंटिन्यू इन सेफ मोड’ करून पाहावे. पट्ट्या व्यवस्थित दिसल्या तर दोष प्रोफाइलमध्ये आहे हे सिद्ध झाले. मग पुन्हा याच चौकटीत येऊन मूळ स्थितीत नेण्याच्या भागातील फक्त पहिला, म्हणजे सेटिंग्ज आणि बाह्यरूपातील बदल पुसण्याचा पर्याय निवडावा. संपूर्ण प्रोफाइल पुसण्याचा दुसरा पर्याय अगदी शेवटी वापरावा, आणि त्याआधी लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून ‘युझर’ फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवावी. त्यातील ‘वर्डबुक’ फोल्डरमध्ये आपण वाढवलेले शब्द, ‘ऑटोकर’मध्ये आपोआप दुरुस्तीच्या जोड्या आणि ‘टेम्प्लेट’मध्ये नमुने असतात. मराठी शुद्धलेखनासाठी वर्षानुवर्षे एकेक शब्द भरून तयार केलेली यादी एका क्लिकने घालवली, तर पट्टी परत आल्याचा आनंद फार वेळ टिकत नाही.

प्रश्न : मीही रायटर वापरतो. माझ्याकडे पट्टी आहे, पण ओळखीची नाही. वर्डसारखे टॅब आले आहेत आणि ‘फाइल’, ‘एडिट’, ‘व्ह्यू’ हा मेनूच नाही. आपण नेहमी ‘व्ह्यू मेनूत जा’ असे लिहिता, जायचे कसे? – एक वाचक, जळगाव

उत्तर : टोला रास्त आहे. आपल्याकडे ‘टॅब्ड’ रूप चालू झाले आहे. वरच्या पट्टीच्या टोकाला मेनूबार दाखवण्या-लपवण्याचे छोटे चिन्ह असते; माउस त्यावर थांबवला की नाव उमटते. मेनू परत आला की ‘व्ह्यू’, ‘युझर इंटरफेस’ येथे ‘स्टँडर्ड टूलबार’ हे जुने रूप निवडावे. चौकटीत खाली फक्त रायटरसाठी की सर्व प्रोग्रामसाठी, असे विचारले जाते. टॅबचे रूप वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. वर्डवरून आलेल्या माणसाला ते सोयीचे पडते. परंतु दोन्ही रूपांत बटणांच्या जागा भिन्न असल्यामुळे एकदा एक ठरवून त्यावरच हात बसवावा.

आणि कधी मेनू, पट्टी, खिडकीची चौकट असे सगळेच नाहीसे होऊन नुसते पान उरले, तर पूर्ण पडद्याचे दृश्य चालू झालेले असते. कंट्रोल, शिफ्ट आणि जे एकत्र दाबावे.

प्रश्न : शाळेच्या नव्या लॅपटॉपवर वर्डची बटणे दाटीवाटीने दिसतात, ‘स्टाइल्स’चा संपूर्ण गट एकाच बटणात कोंबला गेला आहे. माझ्या घरच्या संगणकावर तेच वर्ड ऐसपैस दिसते. प्रोजेक्टर जोडला की परिस्थिती आणखी बिघडते. आवृत्ती एकच असताना असे का व्हावे? – माध्यमिक शिक्षक, नाशिक

उत्तर : रिबन किती बटणे उघडी दाखवील, हे आवृत्तीवर नव्हे तर विंडोच्या रुंदीवर ठरते. रुंदी कमी पडू लागली की वर्ड आधी मोठी चिन्हे लहान करते, मग बटणांची नावे काढते आणि शेवटी संपूर्ण गट एका बाणाखाली ठेवते. बटणे कमी झालेली नसतात, एका क्लिकने मागे गेलेली असतात. रायटरमध्ये हेच काम पट्टीच्या उजव्या टोकाला दिसणारे दुहेरी बाणाचे चिन्ह करते.

मग नव्या लॅपटॉपची रुंदी कमी का? आपल्या पत्रात लॅपटॉपचा पडदा १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा असल्याचे लिहिले आहे. अक्षरे वाचता यावीत म्हणून विंडोज सर्व काही मोठे करून दाखवते, आणि हे प्रमाण लॅपटॉपवर पुष्कळदा १२५ टक्के ठेवलेले असते. १२५ टक्क्यांना त्या पडद्यावर प्रत्यक्षात सुमारे १०९३ गुणिले ६१४ इतकीच जागा उरते. १५० टक्के केले तर ९१० गुणिले ५१२. एवढ्याशा उंचीत रिबन, शीर्षकपट्टी आणि टास्कबार वजा जाता लिहिण्यासाठी काही ओळीच राहतात. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘डिस्प्ले’ येथे ‘स्केल’ १०० टक्के करून पाहावे. अक्षरे फार बारीक वाटली तर १२५ वर परत जावे आणि रिबन मिटलेली ठेवून लागेल तेव्हाच उलगडावी. डोळ्यांना त्रास देऊन बटणे पाहण्यात अर्थ नाही. कागदावरचा मजकूर मोठा दिसण्यासाठी वर्डमधील झूम वेगळा आहे, त्याने रिबनला काहीच फरक पडत नाही.

याच्या उलट बटणांमधील अंतर अवाजवी वाढले असेल, तर टचस्क्रीनसाठीचे रूप लागलेले असते. वरच्या ‘क्विक ॲक्सेस टूलबार’मध्ये ‘टच/माउस मोड’ हे बटण आणून ‘माउस’ निवडावे.

प्रोजेक्टरचे कारण निराळे. लॅपटॉपवरील दृश्य प्रोजेक्टरवर जसेच्या तसे उमटवायचे असले की दोन्ही पडद्यांना झेपेल असे माप घेतले जाते. शाळांमधील जुने प्रोजेक्टर पुष्कळदा १०२४ गुणिले ७६८ चे असतात, त्यामुळे लॅपटॉपही त्यांच्या पातळीवर उतरतो. विंडोज व पी या कळा दाबून ‘एक्स्टेंड’ निवडले तर दोन्ही पडदे आपापल्या मापाने चालतात. त्यानंतर विंडो एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेताना रिबन धूसर झाली किंवा बटणे भलत्याच आकाराची दिसली, तर वर्डच्या ‘ऑप्शन्स’, ‘जनरल’ येथे अनेक पडद्यांविषयीचा प्रश्न आहे. त्यात ‘ऑप्टिमाइझ फॉर कंपॅटिबिलिटी’ निवडून वर्ड बंद करून पुन्हा उघडावे. अक्षरांची धार किंचित कमी होईल, पण पट्टी स्थिर राहील.

प्रश्न : आमच्या कार्यालयात पक्षकारांकडून व अन्य वकिलांकडून मसुदे ईमेलने येतात. त्यांपैकी काहींमध्ये सर्व बटणे दिसतात पण करडी असतात. ठळक करायचे बटणसुद्धा दाबले जात नाही. कधी सगळीच बटणे करडी, तर कधी काहीच. – वकिलांचे लेखनिक, कोल्हापूर

उत्तर : पट्टी दिसत नसणे आणि पट्टी करडी असणे यांत मोठा फरक आहे. पहिल्यात दोष दाखवण्याचा असतो, दुसऱ्यात प्रोग्राम आपल्याला जाणूनबुजून अडवत असतो. त्यामुळे येथे पट्टीची सेटिंग्ज तपासत बसू नये, तर फाइल कोणत्या अवस्थेत आहे ते पाहावे. रिबनच्या खाली एखादी पिवळी किंवा लाल आडवी पट्टी आली आहे का, हे प्रथम बघावे, अडवण्याचे कारण तेथेच लिहिलेले असते.

‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ असे असेल तर फाइल बाहेरून आल्यामुळे वर्डने तिला सावधगिरीने उघडले आहे. पाठवणारा माहीत असेल आणि फाइल येणे अपेक्षित असेल तरच ‘एनेबल एडिटिंग’ दाबावे. आपल्या कार्यालयात अनोळखी पत्त्यांवरूनही मसुदे येत असतील, तर ही अडवणूक आपल्या हिताचीच आहे. ‘मार्क्ड ॲज फायनल’ असे असेल तर पाठवणाऱ्याने मसुदा अंतिम म्हणून पाठवला आहे. ‘एडिट एनीवे’ दाबून पुढे जाता येते, परंतु वकिली व्यवहारात आधी विचारलेले बरे. परवान्याची मुदत संपल्याची सूचना असेल तर फाइल उघडेल आणि छापताही येईल, लिहिता मात्र येणार नाही. त्याचा तपशील ‘फाइल’, ‘अकाउंट’ येथे मिळतो.

कोणतीच सूचना नसूनही बटणे करडी असतील, तर ‘रिव्ह्यू’ टॅबमधील ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’ उघडावे. ठरावीक रकान्यांतच लिहिता यावे म्हणून तयार केलेले अर्जाचे नमुने असे कुलूपबंद असतात. ‘स्टॉप प्रोटेक्शन’ दाबल्यावर पासवर्ड मागितला, तर तो ज्याने कुलूप लावले त्याच्याकडेच मिळेल. केवळ काही बटणे करडी असणे, विशेषतः फाइल जुन्या ‘डॉक’ प्रकारची असताना, हे सुसंगतता अवस्थेचे, म्हणजे ‘कंपॅटिबिलिटी मोड’चे, लक्षण आहे. शीर्षकपट्टीत फाइलीच्या नावापुढे तसे लिहिलेले असते. ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘कन्व्हर्ट’ येथे रूपांतर करता येते, मात्र मूळ प्रत आधी वेगळी ठेवावी.

रायटरमध्ये अशीच स्थिती आली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एम यांनी संपादन सुरू होते. तसे न झाल्यास तीच फाइल दुसऱ्या टेबलावरील संगणकात उघडी आहे का, हे विचारून घ्यावे. सामायिक फोल्डर असलेल्या कार्यालयांत बहुतेकदा तेच निघते.

प्रश्न : टेबलाचे टॅब आणि चित्राचे टॅब कधी असतात, कधी नसतात. – एक वाचक, लातूर

उत्तर : कर्सर टेबलात असेल किंवा चित्र निवडलेले असेल तेव्हाच ते येतात. तशी रचनाच आहे. नेहमीचा एखादा टॅब, उदाहरणार्थ ‘रेफरन्सेस’, गेला असेल तर मात्र ‘ऑप्शन्स’, ‘कस्टमाइझ रिबन’ येथे उजव्या यादीत त्याच्यासमोर खूण करावी.

प्रश्न : मी मुद्रणालयासाठी अक्षरजुळणी करतो. फॉन्टच्या चौकटीत दोन घोटाळे आहेत. यादी उघडली की काही फॉन्टची नावे वाचताच येत नाहीत. ‘ज्ञतनजप क्मअ’ असे काहीतरी दिसते. आणि मजकूर निवडला की चौकट पुष्कळदा रिकामी होते. फॉन्ट खराब झाले आहेत का? – डीटीपी चालक, सोलापूर

उत्तर : ‘ज्ञतनजप क्मअ’ म्हणजे आपला क्रुती देवच! वर्ड यादीतील प्रत्येक फॉन्टचे नाव त्याच फॉन्टमध्ये लिहून दाखवते. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान पद्धत येण्यापूर्वीच्या मराठी-हिंदी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चिन्हे बसवलेली असतात, म्हणून त्या फॉन्टचे इंग्रजीत लिहिलेले नाव यादीत असे देवनागरीत फुटते. अशा फॉन्टवर ज्यांचे पोट आहे त्यांना याची सवय असते, नवीन मुलगा कामाला आला की मात्र गोंधळतो. फॉन्टमध्ये दोष नाही. चौकटीत नावाची पहिली इंग्रजी अक्षरे टाइप केली की यादी तेथपर्यंत पोहोचते, नाव डोळ्यांनी शोधावे लागत नाही. रायटरमध्ये तर ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’मध्ये फॉन्टचा नमुना यादीत दाखवण्याविषयीची चौकट असते, तिची खूण काढली की सर्व नावे साध्या अक्षरांत येतात.

रिकामी चौकट हाही बिघाड नव्हे. निवडलेल्या मजकुरात एकाहून अधिक फॉन्ट असतील तर कोणते नाव दाखवावे हे ठरत नसल्यामुळे ती मोकळी राहते. मराठी मजकुरात हे इंग्रजीपेक्षा जास्त घडते, कारण वर्ड आणि रायटर दोन्ही देवनागरीला संयुक्त लिपींच्या गटात धरतात आणि तिच्यासाठी लॅटिनपेक्षा स्वतंत्र फॉन्ट व स्वतंत्र आकार लक्षात ठेवतात. एका परिच्छेदात मराठी वाक्य आणि मध्येच एखादे इंग्रजी नाव आले की दोन फॉन्ट झाले, चौकट रिकामी. वर्डमध्ये कंट्रोल व डी दाबून उघडणाऱ्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा भाग असतो, देवनागरीचा फॉन्ट तेथे ठरवावा. रायटरमध्ये हा भाग दिसण्यासाठी भाषांच्या सेटिंग्जमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून भाषा मराठी ठेवावी लागते.

याला जोडून एक गोष्ट आपल्या व्यवसायासाठी सांगणे जरूर आहे. चौकटीत ‘मंगल’ लिहिलेले दिसले म्हणजे मंगल संगणकावर आहेच असे नाही. विंडोज १० पासून मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक जोडणीत गेले आहेत; ती जोडणी नसल्यास चौकटीत नाव मंगलचे आणि पानावर अक्षर दुसऱ्याच फॉन्टचे, अशी स्थिती होते आणि ओळी भलतीकडे तुटतात. रायटर अशा वेळी न सापडलेल्या फॉन्टचे नाव तिरप्या अक्षरांत दाखवतो. पाने छपाईला देण्यापूर्वी ते तिरपे नाव एकदा शोधावे.

प्रश्न : अमेरिकेतील आमचे मराठी मंडळ दिवाळी अंकाचे लेख गूगल डॉक्समध्ये एकत्र संपादित करते. माझ्याकडे अचानक वरचे मेनू गेले आहेत, आणि एका सहकाऱ्याकडे मराठी टायपिंगचे चिन्हच येत नाही. – संपादन साहाय्यक, न्यू जर्सी

उत्तर : आपल्याकडे पट्टी आहे आणि फक्त मेनू नाहीत, तर पट्टीच्या उजव्या टोकाचा बाण दाबला गेला आहे, तोच पुन्हा दाबावा, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एफ वापरावे. दोन्हीही नसतील तर पूर्ण पडद्याचे दृश्य असेल, ते एस्केपने सुटते. आणि बटणे फार थोडी असतील तर उजवीकडील पेन्सिल किंवा डोळ्याचे चिन्ह पाहावे : डोळा म्हणजे आपण फक्त वाचनाच्या अवस्थेत आहात. लेखाच्या मालकाने आपल्याला केवळ वाचण्याची परवानगी दिली असेल तर आपल्या बाजूने काहीही करून बटणे येणार नाहीत. एकत्रित संपादनात निम्म्या ‘बिघाडां’चे मूळ परवानगीत असते, म्हणून ब्राउझरवर राग काढण्याआधी मुख्य संपादकांना विचारावे.

सहकाऱ्याच्या फाइलीची भाषा इंग्रजी असावी. ‘फाइल’, ‘लँग्वेज’ येथे मराठी निवडली की टायपिंगचे चिन्ह पट्टीवर येते, आणि कंट्रोल, शिफ्ट व के यांनी मराठी-इंग्रजी अदलाबदल करता येते. विंडो अरुंद असेल तर चिन्ह तीन ठिपक्यांच्या मागे गेलेले असू शकते. तेथेही नसेल तर फाइल ब्राउझरच्या खासगी विंडोत उघडून पाहावी. तेथे चिन्ह आले, तर ब्राउझरला जोडलेले एखादे एक्स्टेन्शन आड येत आहे.

प्रश्न : रायटरची पट्टी काळी पडते, माउस फिरवला की बटणे एकेक करून उमटतात. कधी विंडोजचा रंग गडद केल्यावर चिन्हेच दिसत नाहीत. – एक वाचक, अमरावती

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळे ठिगळ आणि माउस नेल्यावर उमटणारी बटणे, हे पडदा रंगवण्याच्या यंत्रणेचे लक्षण आहे. लिब्रेऑफिस ७.० पासून, म्हणजे २०२० पासून, विंडोजवर स्किया ही यंत्रणा वापरली जाते आणि ती ग्राफिक्स कार्डाचे साहाय्य घेते. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, जुना असला की दोघांचे जमत नाही. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लिब्रेऑफिस’, ‘व्ह्यू’ येथे ‘फोर्स स्किया सॉफ्टवेअर रेंडरिंग’ या चौकटीत खूण करून रायटर पुन्हा सुरू करावा. तेथपर्यंत पोहोचण्याइतकेही दिसत नसेल तर वर सांगितलेल्या सेफ मोडमध्ये हार्डवेअरचे साहाय्य बंद करण्याचा पर्याय आहे. सवडीने ड्रायव्हर अद्ययावत करावा, मग ही खूण काढून टाकता येते.

गडद रंगावर चिन्हे न दिसणे हा केवळ काळ्यावर काळ्याचा प्रकार आहे. चिन्हांच्या संचांमध्ये ‘कोलिब्रे’ आणि ‘ब्रीझ’ यांची गडद पार्श्वभूमीसाठीची रूपे आहेत, त्यांपैकी एक निवडावे.

प्रश्न : आमच्या संस्थेत एका जुन्या संगणकावर अजून वर्ड २००३ आहे. दोन्ही पट्ट्या एकाच ओळीत आल्या आहेत आणि मेनूतील अर्धे पर्याय दिसत नाहीत. – एक वाचक, मडगाव

उत्तर : ‘टूल्स’, ‘कस्टमाइझ’, ‘ऑप्शन्स’ येथे पट्ट्या दोन ओळींत दाखवण्याची आणि मेनू नेहमी पूर्ण दाखवण्याची अशा दोन चौकटी आहेत, दोन्हींत खूण करावी. त्या काळी वर्ड कमी वापरातले पर्याय आपणहून लपवत असे, आणि ही युक्ती मला कधीच पसंत पडली नाही. त्यानंतरही पट्ट्या विस्कटलेल्या राहिल्या तर वर्ड बंद करून ‘नॉर्मल डॉट’ या फाइलीचे नाव बदलावे. वर्ड उघडताना ती नव्याने तयार होते. मात्र आपले मॅक्रो (साठवलेल्या आज्ञा) आणि ऑटोटेक्स्ट (साठवलेला मजकूर) जुन्या फाइलीत असतील, म्हणून ती टाकून देऊ नये.

ऑफिस २००३ साठी सुरक्षा दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ पासून बंद झाल्या आहेत. तो संगणक इंटरनेटला जोडू नये, आणि त्यावर बाहेरून आलेल्या फाइली उघडू नयेत. नवा परवाना घेणे संस्थेला परवडत नसेल तर लिब्रेऑफिस विनामूल्य आहे आणि त्याचे ‘स्टँडर्ड टूलबार’ हे रूप २००३ ची सवय असलेल्यांना वर्डच्या रिबनपेक्षा जवळचे वाटेल. तो संगणक विंडोज एक्सपीवर चालणारा असेल तर नवे लिब्रेऑफिस त्यावर बसणार नाही. आधी जुन्या फाइलींची प्रत काढून घ्यावी आणि मग संगणक बदलण्याचा विचार करावा.